मॉडेल खरं, फोटोत खेळणं: जुन्या वर्कशॉपच्या मिनिएचरचे फोटो फसतात तेव्हा काय तपासायचं

समस्या ओळखीची आहे. महिनोन्महिने खपून जुन्या वर्कशॉपचं मॉडेल उभं राहतं. छताखालून गेलेला शाफ्ट, त्यावरून लेथवर उतरलेले चामडी पट्टे, कोपऱ्यात ऐरण, तावदानांवर काजळी. वाकून आत डोकावलं की कारागीर आत्ताच हात पुसून बाहेर गेलाय असं वाटतं. मग फोटो काढतो आणि स्क्रीनवर दिसतं ते खेळणं. आपण रंग पुन्हा देतो, नवा दिवा आणतो, लेन्स बदलतो, आणि पुढच्या मॉडेलच्या वेळी पुन्हा तेच.

हे परत परत होतं, कारण आपण दोष मॉडेलमध्ये शोधत बसतो. आतली प्रत्येक वस्तू आपण स्केलमध्ये बसवलेली असते. कॅमेरा आणि दिवा मात्र मूळ आकाराचेच राहतात. स्केल १:२४ असेल, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं असेल, तर त्या वर्कशॉपच्या हिशेबाने आपली लेन्स २४ पट मोठी, २४ पट उंच आणि २४ पट लांब आहे. म्हणून तपासणी इथून सुरू करायची: कॅमेऱ्याची उंची, त्याचं अंतर, लेन्सचं भोक आणि दिवा, या चौघांची मापं स्केलच्या आकड्याने गुणून पाहायची. पुढची सगळी उदाहरणं १:२४ ची आहेत. तुमचं स्केल वेगळं असेल तर तो आकडा घालून गुणाकार करा.

त्याआधी एक चाचणी. लेन्स जिथे होती नेमक्या तिथे स्वतःचा डोळा न्या आणि दुसरा डोळा मिटा. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर मेंदूला वस्तूचा खरा आकार लगेच कळतो, म्हणून एकच. तिथूनही खेळणंच दिसलं तर मॉडेलवर काम बाकी आहे. खरं दिसलं तर मॉडेलला हात लावू नका. दोष कॅमेऱ्यात किंवा उजेडात आहे.

उंची आणि अंतर

उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १६० सेंटिमीटरवर असतात. १:२४ मध्ये हे झाले ६.७ सेंटिमीटर. १:१२ मध्ये १३.३, १:३५ मध्ये ४.६ आणि १:८७ मध्ये जेमतेम १.८. आता नेहमीचा ट्रायपॉड बघा: टेबलापासून ३० सेंटिमीटर वर, किंचित खाली झुकलेला. स्केलमध्ये ही उंची ७ मीटरच्या वर जाते. इतक्या उंचीवरून वर्कशॉप कुणी पाहत नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला फोटो बघताक्षणी कळतं की हे टेबलावर ठेवलेलं काहीतरी आहे. फक्त लेन्स खाली आणली तरी निम्मे फोटो सुधारतात. कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून वाळूच्या किंवा तांदळाच्या छोट्या पिशवीवर ठेवा. फोन असेल तर तो उलटा धरा. लेन्स फोनच्या वरच्या कोपऱ्यात असते. फोन उलटा केला की ती थेट मॉडेलच्या जमिनीलगत येते आणि इमेज नंतर फिरवता येते.

अंतराकडे त्याहून कमी लक्ष जातं. मिनिएचर म्हटलं की १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असा समज आहे. तिने फोटो घेताना आपण सहज ६० सेंटिमीटर लांब उभे असतो, म्हणजे स्केलमध्ये १४ मीटरहून जास्त. एवढ्या लांबून वर्कशॉपचा आतला भाग पाहायचा तर माणसाला भिंतीबाहेर उभं राहावं लागेल. त्यामुळे लेथ आणि मागची भिंत एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात, खोली सपाट होते. खऱ्या वर्कशॉपमध्ये माणूस लेथपासून तीन-चार मीटरवर असतो. चार मीटरचे झाले १६.७ सेंटिमीटर. इतक्या जवळून सगळं फ्रेममध्ये घ्यायचं तर वाइड लेन्स हवी. खऱ्या खोल्यांच्या फोटोंना फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ ते ३५ मिलिमीटर वापरतात, इथेही तेच.

इतक्या जवळ कॅमेरा शिरायला जागा हवी, आणि ती बांधतानाच ठेवायला हवी. कॅमेऱ्याच्या बाजूची भिंत कधीही कायमची चिकटवू नका. छप्परही उचलता येईल असं ठेवा. चारही भिंती पक्क्या केलेलं मॉडेल कितीही सुंदर असलं तरी त्याचा फोटो फक्त वरूनच निघतो.

खिडकीबाहेर छापील देखावा लावला असेल तर त्यातलं क्षितिज लेन्सच्याच उंचीवर यायला हवं. सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीत दिसतं. ते एक सेंटिमीटर वरखाली झालं तरी काहीतरी चुकतंय हे जाणवतं, पण काय ते सांगता येत नाही. देखावा खिडकीला टेकवू नका, मागे सरकवा, आणि दीड-दोन स्टॉप जास्त उजळ ठेवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). दिवसा आतून घेतलेल्या फोटोत बाहेरचं जग नेहमी फिकटच दिसतं.

धूसर भाग

सगळ्यात हट्टी दोष हा. लेथचं चाक स्वच्छ, पण पुढची व्हाइस (वस्तू पकडायचा शिकंजा) धूसर आणि मागची भिंतही धूसर. धूसरपणामुळे वस्तू लहान वाटते, हे उलट बाजूनेही सिद्ध होतं: खऱ्या शहराच्या उंचावरून घेतलेल्या फोटोचा वरचा आणि खालचा पट्टा मुद्दाम धूसर केला की ते शहर खेळण्यासारखं दिसू लागतं. टिल्ट-शिफ्ट इफेक्ट म्हणतात तो हाच.

कारण समजून घेण्यासारखं आहे. माणसाच्या डोळ्याची बाहुली उजेडात दोन-तीन मिलिमीटर रुंद असते. ५० मिलिमीटरची लेन्स एफ ११ वर ठेवली तर तिचं भोक ५० भागिले ११, म्हणजे साडेचार मिलिमीटर. आपल्याला ते बारीक वाटतं. पण मॉडेलच्या जगात ते २४ पट, म्हणजे ११ सेंटिमीटर रुंद बाहुली झाली. एफ २.८ वर तर ४३ सेंटिमीटर. एवढ्या मोठ्या भोकातून येणारी किरणं पुढच्या-मागच्या वस्तूंवर एकत्र जुळणं शक्यच नाही. याउलट क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटरची लेन्स एफ ११ ला ठेवली तर भोक दीड मिलिमीटरचं, स्केलमध्ये साडेतीन सेंटिमीटर. फरक एवढा मोठा आहे. लहान सेन्सरचे जुने कॉम्पॅक्ट कॅमेरे मिनिएचरला महागड्या कॅमेऱ्यापेक्षा सरस ठरतात ते याचमुळे: त्यांच्या लेन्सचं भोक मुळातच लहान असतं.

तरीही एका फोटोत सगळं स्वच्छ येणार नाही. तीच १६ मिलिमीटरची लेन्स, एफ ११, फोकस १७ सेंटिमीटरवर: स्वच्छ दिसतो तो साधारण १५ ते २० सेंटिमीटरमधला पट्टा. स्केलमध्ये सव्वा मीटरसुद्धा नाही. अ‍ॅपर्चर (म्हणजे हेच भोक) एफ २२ पर्यंत बंद करावंसं वाटतं, पण क्रॉप सेन्सरवर एफ १६ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो, आणि कानशीचे दाते, पट्ट्याची शिवण असे बारकावे आधी जातात. म्हणून एफ ८ किंवा एफ ११ वर थांबा आणि फोकस स्टॅकिंग करा.

स्टॅकिंगची पद्धत बहुतेकांना ठाऊक असते: कॅमेरा न हलवता फोकस पुढून मागे सरकवत अनेक फ्रेम घ्यायच्या आणि हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर किंवा फोटोशॉपमध्ये त्या जोडायच्या. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ, फोकस, सगळं मॅन्युअल. वाइड लेन्सने अशा मॉडेलला आठ-दहा फ्रेम पुरतात. अडचण येते ती जोडल्यानंतर.

मधेच एक धूसर पट्टी दिसली तर फोकसची पायरी मोठी पडली. जवळच्या भागात डेप्थ (स्वच्छ दिसणाऱ्या भागाची खोली) कमी असते, म्हणून सुरुवातीच्या पायऱ्या लहान ठेवा आणि मागे जाल तशा मोठ्या करा. सगळ्यात पुढची वस्तूच धूसर राहिली तर पहिली फ्रेम तिच्याही अलीकडून घ्यायला हवी होती.

पट्ट्याभोवती किंवा खिडकीच्या गजांभोवती फिकट कडा दिसते, ती खास वर्कशॉपच्या मॉडेलची डोकेदुखी आहे. शाफ्टवरून उतरणारा पट्टा लेन्सजवळ, त्यामागे लांबवर उजळ खिडकी. मागच्या खिडकीवर फोकस जातो तेव्हा पट्टा पसरून धूसर होतो आणि खिडकीचा काही भाग झाकतो. तो भाग कुठल्याच फ्रेममध्ये स्वच्छ नसतो, मग सॉफ्टवेअर आणणार कुठून? यावर दोन उपाय आहेत. एक, अ‍ॅपर्चर थोडं बंद करून पसरट भाग कमी करायचा. दुसरा आणि खात्रीचा, कॅमेरा एक-दोन सेंटिमीटर बाजूला घेऊन पट्ट्याच्या कडेमागे उजळ खिडकीऐवजी काळोखी भिंत आणायची. रिटच करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

फोनवर पोर्ट्रेट मोड बंद करा. बरेच नवे फोन वस्तू जवळ आली की आपोआप अल्ट्रावाइड लेन्सवर उडी मारतात. तो ऑटो-मॅक्रोही बंद करा, नाहीतर दोन फ्रेममध्ये दोन वेगळ्या लेन्स लागतील आणि स्टॅक जुळणार नाही.

उजेड

मॉडेल, लेन्स, अंतर सगळं ठीक आणि तरी फोटो खोटा वाटत असेल तर सावल्यांच्या कडा बघा. सूर्य आकाराने प्रचंड असला तरी आपल्याला तो फक्त अर्ध्या अंशाएवढा दिसतो. म्हणून उन्हात सावलीची कड जवळजवळ रेखीव असते: १२० सेंटिमीटर उंचीवरच्या चौकटीची सावली जमिनीवर पडली तर तिची कड एखादा सेंटिमीटरच विरते. आता मॉडेलच्या खिडकीबाहेर ४० सेंटिमीटरवर सहा सेंटिमीटर रुंद बल्ब ठेवा. तो सूर्यापेक्षा सोळापट रुंद दिसतो, आणि त्याच चौकटीची कड स्केलमध्ये १८ सेंटिमीटर विरते. असं ऊन कुणी पाहिलेलं नाही. हे कळायला प्रकाशशास्त्र शिकावं लागत नाही, डोळा ते आपोआप नाकारतो.

लक्षात ठेवण्याजोगा हिशेब: दिव्याच्या प्रकाश देणाऱ्या भागाचा जो व्यास असेल, त्याच्या साधारण ११० पट अंतरावर तो दिवा सूर्याएवढा दिसतो. दोन सेंटिमीटर तोंडाचा टॉर्च असेल तर सव्वादोन मीटर. लांब नेल्याने दुसरा दोषही जातो. दिवा खिडकीपासून ३० सेंटिमीटरवर असताना मागची भिंत आणखी २५ सेंटिमीटर आत असेल, तर भिंतीवर खिडकीच्या जेमतेम ३० टक्के उजेड पोचतो. तोच दिवा दोन मीटरवर नेला की जवळपास ८० टक्के. पुढचं सगळं भगभगीत आणि मागचं काळंकुट्ट, ही तक्रार तिथेच संपते. उजेड कमी पडला तर शटर लांबवा. मॉडेल हलत नाही. दोन सेकंदांचं एक्स्पोजर द्यायला काहीच हरकत नाही.

खरं ऊन मिळत असेल तर दुसरं काही शोधू नका. सूर्य इतका लांब आहे की मॉडेलसाठीही तो अर्ध्या अंशाचाच राहतो, सावल्या आपोआप स्केलमध्ये पडतात, आणि आभाळ मोठ्या मऊ दिव्याचं काम करतं. अमेरिकन मॉडेलकार मायकल पॉल स्मिथ यांनी 'एल्गिन पार्क' या कल्पित गावाचे फोटो असेच काढले: टेबलावर १:२४ च्या मोटारी आणि मॉडेल इमारती, मागे खरी झाडं आणि खरे रस्ते, हातात साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा. उंची, लहान लेन्स आणि खरं ऊन हे तिन्ही त्यात जुळून आलं होतं. उन्हात मॉडेल फार वेळ ठेवू नका मात्र. गोंद सैल होतो आणि पुठ्ठा वाकतो.

आतले दिवे बहुतेक वेळा जास्तच प्रखर असतात. छतातून लोंबणारा छोटा एलईडी फोटोत पांढरा गोळा होतो आणि त्याची शेडही दिसेनाशी होते. बारा व्होल्टच्या सप्लायवर पांढऱ्या एलईडीला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला तर दोन मिलिअँपच्या आसपास करंट जातो, आणि लांब एक्स्पोजरला तेवढा पुरतो. प्लास्टिकच्या भिंतीतून किंवा कोपऱ्याच्या सांध्यातून उजेड झिरपत असेल तर भिंतीला बाहेरून काळा रंग द्या किंवा सांध्याला फॉइल चिकटवा. खोलीतली ट्यूब बंद ठेवा, दोन रंगांचे उजेड मिसळले की व्हाइट बॅलन्स कशालाच बसत नाही. फोटोत आडवे पट्टे आले तर दिवा लुकलुकतोय: डिमर काढा आणि शटर १/२५ सेकंदापेक्षा लांब ठेवा.

मॉडेलमध्ये खरोखर दोष असेल तर

तो जवळजवळ नेहमी जाडीत असतो. लांबी-रुंदी सगळे मोजतात, जाडी मोजत नाहीत. आइस्क्रीमची काडी दोन मिलिमीटर जाड असते. १:२४ मध्ये ती जवळपास पाच सेंटिमीटरची फळी झाली. वर्कबेंचच्या वरच्या फळीला चालेल, पण भिंतीच्या किंवा कपाटाच्या फळ्यांना एक मिलिमीटर पुरे. छपराचा पत्रा कागदाचा केला तर साधा कागद ०.१ मिलिमीटर, म्हणजे अडीच मिलिमीटरचा पत्रा. स्वयंपाकघरातली फॉइल त्याहून कितीतरी पातळ असते, आणि तिची कड फोटोत पत्र्यासारखीच दिसते. नळ्या पाडून, मागून पातळ गोंदाचा हात दिला की आकारही टिकतो. चामडी पट्टा साधारण पाच मिलिमीटर जाड धरला तर स्केलमध्ये ०.२, रंगवलेल्या मास्किंग टेपचे दोन थर एवढेच भरतात. पट्ट्याची सैल बाजू थोडी झोळलेली ठेवा. तारेसारखा ताणलेला पट्टा पाहिला की यंत्र कधी फिरलंच नाही असं वाटतं.

यंत्रं तरंगणं हा दुसरा दोष. लेथच्या पायाखाली केसाएवढी फट राहिली तरी तिथून उजेडाची रेघ दिसते आणि टनभर वजनाचं यंत्र हलकं होऊन जातं. पायाचा तळ घासून सपाट करा, चिकटवा आणि कडेने काळपट पावडर दाबून बसवा. खऱ्या वर्कशॉपमध्ये वंगण आणि धूळ नेमकी तिथेच साचते. चुरा सगळीकडे सारखा पेरू नका. लेथखाली लोखंडाचा चुरा, बेंचखाली लाकडाचा भुसा, आणि माणसाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जवळजवळ काहीच नाही. चमकही तशीच. सगळ्यावर मॅट वार्निश, पण चाकाची मूठ, व्हाइसचा दांडा, ड्रॉवरची कडी, जिथे रोज हात लागतो तिथे सहा बी पेन्सिलीचं शिसं बोटाने घासा. लोखंड झिजून उजळल्यासारखं दिसतं.

वार्निश मारल्यावर पांढरी झाक आली तर हवेत दमटपणा होता. कोरड्या दिवशी पुन्हा स्प्रे करा. तावदानांवर पांढरट धुकं आलं असेल तर कारण वेगळं आहे: सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते. काचांना पांढरा गोंदच वापरा.

आणि शटर दाबण्याआधी धूळ. टॉर्च जमिनीलगत आडवा धरा आणि फोनच्या कॅमेऱ्यात झूम करून बेंचवरून सावकाश फिरवा. डोळ्यांना न दिसलेला कापसाचा तंतू व्हाइसच्या जबड्यावरून खाली लोंबताना दिसेल. माणसाचा केस ०.०७ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो; स्केलमध्ये तो पावणेदोन मिलिमीटरची दोरी होतो, आणि दोन सेंटिमीटरचा तुकडा जवळपास अर्धा मीटर लांब. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ पावडरवर डाग पाडते. रबरी ब्लोअर वापरा, अडकलेले तंतू चिमट्याने उचला. स्टॅकची पहिली फ्रेम शंभर टक्के झूमवर तपासल्याशिवाय पुढच्या घेऊ नका, कारण एक तंतू सगळ्या फ्रेममध्ये असतो आणि नंतर पुसायला तासभर जातो.

उन्हाची तिरीप दिसावी म्हणून धूर सोडण्याचा मोह होतो. धूर स्केलमध्ये येत नाही: त्याची वेटोळी मॉडेलच्या मानाने अवाढव्य असतात आणि फार वेगाने फिरतात. लांब एक्स्पोजरमध्ये वेटोळी विरून सपाट धुकं झालं तर क्वचित जमतं. स्टॅकिंगमध्ये मात्र प्रत्येक फ्रेमचा धूर वेगळा असल्याने जोडकाम फसतंच. तिरीप हवीच असेल तर धुराची एक स्वतंत्र फ्रेम घ्या आणि स्टॅक तयार झाल्यावर ती वर अर्धपारदर्शक लेयर म्हणून चढवा.

एवढं करूनही शंका उरली तर फोटो कृष्णधवल करून बघा. खेळणेपणा गेला तर दोष रंगात आहे: लाल फार लाल, काळा फार काळा. शुद्ध काळ्याच्या जागी गडद करडा वापरा, बाकी रंगांत थोडा राखाडी मिसळा. कृष्णधवलमध्येही खेळणंच दिसत असेल तर ब्रश खाली ठेवा आणि पट्टी घेऊन लेन्सची उंची पुन्हा मोजा.